एकशें ऐंशी मिनिटांची तक्रार

घरांत एखादी नवी वस्तु येते तेव्हां तिचें कौतुक होतें. तिची ओळख होते ती मात्र ती बिघडल्यावर. ज्या स्मार्टफोनवर आज आपण वाण्याचे पैसे देतों, मुलांच्या शाळेचे निरोप वाचतों आणि परगांवच्या नातवंडांचीं तोंडें पाहतों, तो एखाद्या दिवशीं अकारण तापूं लागतो, त्याची बॅटरी फुगते, किंवा ऐन संभाषणांत आवाज तुटतो. आपण दुकान गांठतों. समोरचा तरुण अदबीनें विचारतो, ‘पाण्यांत पडला होता का? दुसऱ्या कोणाचा चार्जर लावीत होतां का?’ प्रश्न साधे असतात. पण त्यांच्या पोटांत एक गृहीत दडलेलें असतें. दोष वस्तूचा नसून वापरणाराचा आहे, हें तें गृहीत. त्या क्षणापासून फिर्यादी आपण असूनहि आरोपीच्या पिंजऱ्यांत आपणच उभे असतों.

वस्तु घडविणारा आणि वस्तु वापरणारा यांच्यामधील हा वाद आजचा नव्हे, आणि तो खिशांत मावणाऱ्या यंत्रापुरताहि नव्हे. यंत्र जितकें मोठें तितका वाद मोठा, एवढाच फरक. आज मला त्या वादाच्या इतिहासांतील एक प्रकरण सांगावयाचें आहे. तें आपल्याच कोंकणांत घडलें, त्यांतलें यंत्र एका अख्ख्या सड्यावर पसरलेलें होतें, आणि त्याविषयींची तक्रार अवघ्या एकशें ऐंशी मिनिटांची होती. ह्या तक्रारीचें काय झालें हें पाहिलें म्हणजे दुकानाच्या फळीपुढें उभें राहतांना आपण काय जपावें, हें ध्यानांत येतें.

रत्नागिरी जिल्ह्यांत गुहागरच्या उत्तरेस, वाशिष्ठी नदी जेथें समुद्रास मिळते त्या मुखाच्या दक्षिण तीरावर अंजनवेल गांव आहे. खाडीच्या पलीकडे उत्तर तीरावर दाभोळ, एके काळचें नामांकित बंदर. अलीकडे टेकाडावर गोपाळगड, आणि त्याच्याजवळच टाळकेश्वराचें देऊळ व दीपगृह. ह्या गांवाच्या सड्यावर विसाव्या शतकाच्या अखेरीस एक वीजकेंद्र उभें राहिलें. त्याला नांव मिळालें तें मात्र पैलतीराचें: दाभोळ वीज कंपनी. महाराष्ट्रांत लोक त्याला त्याहूनहि सोप्या नांवानें ओळखीत. ते त्याला ‘एन्रॉन’ म्हणत.

ह्या प्रकल्पाचा राजकीय इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे. १९९२ च्या जून महिन्यांत अमेरिकेच्या एन्रॉन कंपनीशीं प्राथमिक बोलणीं झालीं. १९९३ च्या डिसेंबरांत महाराष्ट्र राज्य वीज मंडळानें वीजखरेदीचा करार केला. १९९५ च्या ऑगस्टांत नव्या सरकारनें तो मोडला आणि पुढल्याच वर्षीं फेरवाटाघाटी करून पुन्हां जोडला. १९९९ च्या मे महिन्यांत ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला. दुसरा टप्पा १,४४४ मेगावॉटचा व्हावयाचा होता. दोन्ही मिळून २,१८४ मेगावॉट. ह्या साऱ्या धामधुमींत पक्षोपपक्षांचें इतकें बोलणें झालें कीं, खुद्द यंत्राविषयीं काय बोललें गेलें हें लोक विसरून गेले. मला आज त्याविषयींच बोलावयाचें आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. आपल्या घरीं आपण जेवढी वीज जाळतों तेवढ्याचे पैसे मुख्यतः भरतों. मंडळानें अंजनवेलच्या केंद्राशीं केलेला करार निराळा होता. वीज घेतली तर तिच्या इंधनाचे पैसे वेगळे. पण घेतली न घेतली तरी यंत्र तयार ठेवल्याबद्दल एक मोठा स्थिर आकार द्यावाच लागे. म्हणजे मंडळ विकत घेत होतें ती केवळ वीज नव्हे; तें एक वचन विकत घेत होतें. ‘आज आमचें यंत्र इतक्या मेगावॉटांसाठीं सज्ज आहे,’ असें कंपनीनें सांगावयाचें, आणि त्या सज्जतेचे पैसे मंडळानें मोजावयाचे. आतां वचनाचीच किंमत द्यावयाची झाली, म्हणजे वचन खरें कीं खोटें हें मोजण्याचें माप हवें. असें एक माप करारांत होतें. थंड पडलेलें यंत्र सुरू करण्यास सांगितल्यापासून एकशें ऐंशी मिनिटांत, म्हणजे तीन तासांत, तें पूर्ण शक्तीवर आलें पाहिजे.

तीन तास हा काळ कागदावर मोठा वाटतो. यंत्राच्या दृष्टीनें तो फार थोडा आहे. अंजनवेलच्या केंद्राची रचना अशी कीं, प्रत्येक संचांत दोन वायुटर्बाइनें आणि एक बाष्पटर्बाइन. वायुटर्बाइनांत इंधन जळतें, त्या तप्त वायूनें पातीं फिरतात, आणि तेथून बाहेर पडणारी ऊब फुकट न घालवितां तिच्यावर पाण्याची वाफ करून तिसरें टर्बाइन फिरवितात. ह्या युक्तीमुळें थोड्या इंधनांत पुष्कळ वीज मिळते. परंतु बाष्पकाच्या जाड पोलादी भिंती आणि बाष्पटर्बाइनाचा भला मोठा कणा एकदम तापवून चालत नाहीं. वरची त्वचा तापली आणि गाभा थंड राहिला, तर पोलाद आंतून ताणलें जातें आणि कालांतरानें तडकतें. थंड कांचेच्या पेल्यांत उकळता चहा ओतला असतां जें होतें, तेंच येथें. म्हणून असें यंत्र धीरानें तापवावें लागतें. मंडळाला मात्र वीज हवी असे ती विशेषतः मागणीच्या ऐन घटकेला. कारण ही वीज महाग होती, आणि इतर वेळीं मंडळ ती टाळीत असे. यंत्राचा स्वभाव धीमा, गिऱ्हाइकाची गरज तातडीची, आणि दोहोंच्या मध्यें करारांतलीं तीं एकशें ऐंशी मिनिटें.

२८ जानेवारी २००१ रोजीं मंडळानें केंद्राला यंत्र पूर्ण शक्तीवर आणण्यास सांगितलें. मंडळाच्या म्हणण्याप्रमाणें तें तीन तासांत आलें नाहीं. मग मंडळानें हिशेब मांडला. ज्याअर्थीं यंत्र वचनाप्रमाणें चढलें नाहीं, त्याअर्थीं त्याची जाहीर केलेली सज्जता खोटी. आणि ज्याअर्थीं सज्जता खोटी, त्याअर्थीं करारांतील तरतुदीप्रमाणें कंपनीनें दंड भरावा. हा दंड ४०१ कोटी रुपयांचा झाला. त्याच्या आदल्या महिन्याचें, म्हणजे डिसेंबर २००० चें, मंडळावरील बिल सुमारें १०२ कोटींचें होतें. चार महिन्यांच्या बिलांएवढा दंड एका दिवसाच्या विलंबावरून उभा राहिला. पुढील दोन महिन्यांतहि असे प्रसंग पुन्हां घडल्याचें मंडळानें म्हटलें.

कंपनीचें उत्तर काय आलें? कंपनीनें दंड मान्य केला नाहीं. बिलें चुकविण्यासाठीं शोधून काढलेली ही सबब आहे, असा तिचा पवित्रा होता. वस्तु करणारांच्या उत्तरांचे जे ठराविक प्रकार आहेत, त्यांतला हा पहिला: तक्रारीचा विषय बाजूस सारून तक्रारदाराच्या हेतूकडे बोट दाखविणें. हें उत्तर सर्वत्र अन्यायाचेंच असतें असें नाहीं. येथें तर त्याला बळ मिळेल अशी परिस्थिति मंडळानेंच निर्माण करून ठेवली होती. यंत्र मे १९९९ पासून चालत होतें. तक्रार मोठ्या आवाजांत उठली ती जानेवारी २००१ मध्यें, म्हणजे मंडळाचीं बिलें थकल्यानंतर. आणि तिच्याबरोबर मागणी आली ती थकलेलीं बिलें ह्या दंडांतून वळतीं करून घेण्याची. कंपनीनें राज्य सरकारच्या हमीवर बोट ठेवलें, आणि फेब्रुवारींत केंद्र सरकारच्या प्रतिहमीवरहि. यंत्र तीन तासांत चढलें कीं नाहीं, हा घड्याळाचा प्रश्न होता. पाहतां पाहतां तो पतीचा प्रश्न झाला.

ह्या प्रकरणांत आणखी एक गुंता होता, आणि मला तो सर्वांत बोधप्रद वाटतो. दाभोळ वीज कंपनींत प्रारंभीं ८० टक्के भाग एन्रॉनचे, दहा टक्के जनरल इलेक्ट्रिकचे आणि दहा टक्के बेक्टेलचे होते. पुढें वीज मंडळानेंहि त्यांत भाग घेतला आणि एन्रॉनचा वांटा ६५ टक्क्यांवर आला. आतां पाहा. टर्बाइनें पुरविणारी जनरल इलेक्ट्रिक ही विक्रेत्या कंपनीची भागीदार. केंद्र बांधणारी बेक्टेल हीहि भागीदार. आणि वीज विकत घेणारें मंडळ तेंहि त्याच कंपनीचें भागीदार. यंत्रांत दोष असेल तर तो शोधणार कोण? ज्यानें यंत्र केलें त्याच्याकडे बोट दाखवावें, तर तो आपल्याच घरांत बसलेला. घड्याळ हातीं धरून उभा राहील असा तिऱ्हाईत ह्या व्यवहारांत फारसा उरलाच नव्हता.

तिऱ्हाईत अगदींच नव्हता असें मात्र म्हणतां यावयाचें नाहीं. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग १९९९ मध्येंच स्थापन झाला होता, आणि मे २००१ मध्यें मंडळ त्याच्या दारीं गेलें. परंतु आयोगाला हा वाद ऐकण्याचा अधिकार आहे, कीं करारांत म्हटल्याप्रमाणें तो लंडनच्या लवादापुढें जावा, ह्यावरच न्यायालयांत झगडा सुरू झाला. त्यापूर्वीं एप्रिलमध्यें माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें सबंध कराराची चिकित्सा करून अहवाल दिला होता. २३ मे २००१ रोजीं मंडळानें करार रद्द केल्याचें कळविलें, आणि महिनाअखेर यंत्रें थांबलीं. दुसरा टप्पा पूर्णत्वाच्या जवळ येऊन थांबला. त्याच वर्षीं २ डिसेंबर रोजीं अमेरिकेंत एन्रॉननें दिवाळें काढलें. पुढें देशोदेशींच्या न्यायालयांतून आणि लवादांतून दावे चालले. ते हमीचे होते, भागभांडवलाचे होते, विम्याचे होते. त्या जानेवारींतल्या दिवशीं पोलादाला नेमकें काय झालें, हा मूळ प्रश्न त्या कज्जांच्या ढिगाखालीं गेला.

येथें दुसऱ्याहि एका तक्रारदाराची आठवण ठेवली पाहिजे. अंजनवेल, वेलदूर, रानवी ह्या गांवच्या लोकांच्या तक्रारी यंत्र सुरू होण्यापूर्वींपासूनच्या होत्या. त्या जमिनीच्या होत्या, पाण्याच्या होत्या, खाडींतल्या मासळीच्या होत्या. जून १९९७ मध्यें वेलदूरला आंदोलकांवर पोलिसांनीं केलेल्या कारवाईची दखल ॲम्नेस्टी इंटरनॅशनलनें घेतली, आणि १९९९ मध्यें ह्यूमन राइट्स वॉच ह्या संस्थेनें ह्या सर्व प्रकारावर स्वतंत्र अहवाल काढला. मंडळाच्या हातीं निदान करार होता, त्यांत मिनिटें लिहिलेलीं होतीं. गांवकरी कोणत्याच करारांत पक्षकार नव्हते. विहिरीचें पाणी किती खालीं गेलें म्हणजे दंड, जाळ्यांत मासळी किती कमी आली म्हणजे भरपाई, ह्याचें कलम कोठेंच नव्हतें. ज्याच्या हानीचें माप कोणी लिहून ठेविलेलें नसतें, त्याच्या तक्रारीला लोक गाऱ्हाणें म्हणतात, आणि गाऱ्हाण्याला उत्तर देण्याचें बंधन कोणावरहि नसतें.

यंत्रें चार वर्षांहून अधिक काळ समुद्राच्या खाऱ्या हवेंत पडून राहिलीं. जुलै २००५ मध्यें एनटीपीसी व गेल ह्या सरकारी कंपन्यांच्या पुढाकारानें ‘रत्नागिरी गॅस अँड पॉवर’ ही नवी कंपनी स्थापन झाली, जनरल इलेक्ट्रिक व बेक्टेल यांचे दावे मिटविण्यांत आले, आणि मे २००६ मध्यें एक संच पुन्हां फिरूं लागला. पण पडून राहिलेलें यंत्र आणि पडून राहिलेला माणूस सारखाच. उठला म्हणून लगेच पूर्ववत् चालत नाहीं. पुढील तीन-चार वर्षांत टर्बाइनांचे बिघाड वारंवार झाले आणि संच पुनः पुनः बंद ठेवावे लागले. जुन्या कागदांवर २,१८४ मेगावॉट म्हणून मिरवलेल्या केंद्राची शक्ति नव्या कागदांवर १,९६७ मेगावॉट अशी लिहिली गेली. असलें टर्बाइन गांवच्या लोहाराकडे दुरुस्तीस नेतां येत नाहीं. त्याचीं पातीं कोणत्या धातूचीं, त्यांवरचा लेप कोणता, हें घडविणाराच जाणतो; त्यामुळें ज्याच्याविषयीं तक्रार त्याच्याच दारीं औषधासाठीं जावें लागतें. आपल्या फोनचा पडदा फुटला असतां आपली जी अवस्था होते, तीच एका सबंध वीजकेंद्राची होते.

आणखी एक न्यून राहून गेलें होतें. द्रवरूप वायूचीं जहाजें लागण्यासाठीं तेथें धक्का बांधला गेला, पण लाटांना अडविणारा समुद्रांतला बांध मात्र अपुरा राहिला. वायूचें पहिलें जहाज येण्यास जानेवारी २०१३ उजाडला. आणि त्यानंतरहि बांध पुरा नसल्यामुळें कित्येक वर्षें पावसाळ्यांत जहाजें लागूं शकत नसत. ह्या अपुरेपणाची तक्रार मूळ मालकाकडे करावी, तर मूळ मालक दिवाळ्यांत नाहींसा झालेला. वस्तु राहते आणि कर्ता जातो, तेव्हां तक्रारीला पत्ताच उरत नाहीं. फोनच्या बाजारांतहि हें होत असतें, एल.जी. सारख्या मोठ्या कंपनीनें २०२१ मध्यें फोनचा धंदा आवरता घेतला, तेव्हां जगभरच्या तिच्या गिऱ्हाइकांना आतां दुरुस्तीसाठीं कोणाकडे पाहावें अशी चिंता पडली.

आतां सड्यावरून पुन्हां खिशाकडे येऊं. अंजनवेलचें यंत्र एकच होतें, गिऱ्हाईक एकच होतें; म्हणून तेथील वाद दोघांच्या भांडणासारखा दिसला. फोनच्या बाबतींत तेंच यंत्र लाखों लोकांच्या हातीं असतें, आणि एकाचा अनुभव दुसऱ्याच्या अनुभवाशीं ताडून पाहतां येतो. ह्या एका फरकामुळें घडविणारांचीं उत्तरें कशीं पालटलीं, हें तीन प्रसंगांवरून दिसेल.

पहिला प्रसंग ऑगस्ट २००७ चा. नोकियाच्या ‘बीएल-५सी’ ह्या बॅटरींत आंतल्या आंत विद्युत्प्रवाह चुकीच्या वाटेनें वाहून ती तापण्याचा संभव आहे, असें कंपनीनें स्वतःच जाहीर केलें. जगभरांतून असे सुमारें शंभर प्रकार तिच्या कानीं आले होते. पण दोषाची शक्यता असलेल्या बॅटऱ्या ४ कोटी ६० लाख होत्या, आणि त्या मात्सुशिता कंपनीनें डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ ह्या काळांत केलेल्या होत्या. आपल्याकडे त्या दिवसांत लोक फोनची पाठ उघडून बॅटरीवरचे आंकडे शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाचून दाखवीत होते. घबराट झाली, पण कोणती बॅटरी सदोष आणि कोणती नव्हे, हें ओळखण्याची खूण प्रत्येकाच्या हातीं दिली गेली. येथें माप गिऱ्हाइकाजवळ आलें.

दुसरा प्रसंग २०१० चा. ॲपलनें जूनमध्यें आयफोनची चौथी आवृत्ति विक्रीस काढली. तिची अँटेना म्हणजे कडेनें बसविलेली पोलादी पट्टी होती. डाव्या बाजूस खालीं त्या पट्टींत एक फट होती, आणि तळहातानें ती झांकली गेली कीं संदेशलहरी मंदावत. प्रथम उत्तर आलें तें फोन धरण्याच्या पद्धतीबद्दल; मग पडद्यावर लहरींचे दांडे दाखविण्याचें गणित चुकल्याबद्दल; आणि अखेर १६ जुलै रोजीं सर्वांना फुकट आवरण देण्यांत आलें. वापरणारावर ठपका, मग सारवासारव, मग मलमपट्टी, असा हा तीन आठवड्यांचा प्रवास. लाखों लोक एकच फट एकाच रीतीनें झांकून दाखवूं शकत होते, म्हणूनच तो एवढ्या लवकर झाला.

तिसरा प्रसंग २०१६ चा, आणि तो अधिक गंभीर. सॅमसंगचा ‘गॅलक्सी नोट ७’ ऑगस्टांत बाजारांत आला आणि त्यांतले कांहीं पेट घेऊं लागले. २ सप्टेंबरला कंपनीनें सुमारें २५ लाख फोन बदलून देण्याचें ठरविलें. घाईघाईनें दुसऱ्या कारखान्याच्या बॅटऱ्या घातल्या. तेहि फोन पेटले. ऑक्टोबरांत तो फोन करणेंच बंद झालें. पुढें कंपनीनें दोन लाख फोन आणि तीस हजार बॅटऱ्या तपासल्या, बाहेरच्या तज्ज्ञ संस्थांकडून स्वतंत्र परीक्षा करविली, आणि २३ जानेवारी २०१७ रोजीं निष्कर्ष जगापुढें ठेवला. एका कारखान्याच्या बॅटरींत वरच्या कोपऱ्याला जागा अपुरी पडून आंतलें पत्र वांकलें होतें. दुसऱ्या कारखान्याच्या बॅटरींत जोडकामाचे टोकदार अवशेष राहिले होते. एकाच फोनांत दोन निरनिराळे दोष, हें ऐकून अनेकांना आश्चर्य वाटलें. मला महत्त्व वाटतें तें दुसऱ्याच गोष्टीचें. येथें घड्याळ तिऱ्हाइताच्या हातीं दिलें गेलें, आणि त्यानें पाहिलेली वेळ सर्वांना सांगितली गेली. अंजनवेलला हेंच झालें नाहीं.

हें केवळ कंपन्यांच्या सज्जनपणावर सोडून भागत नाहीं, हें आपल्याकडच्या जाणत्या लोकांनीं पूर्वींच ओळखलें होतें. १९७४ सालीं पुण्यांत बिंदुमाधव जोशी यांनीं ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली. १९७५ मध्यें मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. १९८६ मध्यें ग्राहक संरक्षणाचा कायदा झाला, आणि २०१९ च्या नव्या कायद्यानें सदोष वस्तूमुळें झालेल्या हानीची जबाबदारी घडविणारावर स्पष्टपणें टाकली. ह्या कायद्यान्वयें स्थापन झालेल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला धोकादायक वस्तु बाजारांतून परत बोलावण्याचा हुकूम देतां येतो. धंद्यासाठीं माल घेणारा मात्र ह्या कायद्याच्या दृष्टीनें ग्राहक नव्हे. म्हणजे वीज मंडळासारख्या बलाढ्य गिऱ्हाइकालाहि जें छत्र नाहीं, तें फोन घेऊन दुकानांत जाणाऱ्या तुम्हांआम्हांस आहे. ही सवलत लहान नव्हे.

पण कायद्याचें छत्र असलें तरी तक्रारीची सत्यता ती करणारानेंच राखावी लागते. अंजनवेलच्या प्रकरणाचा खरा धडा हा आहे. मंडळाच्या हातीं माप होतें; करारांत मिनिटें लिहिलेलीं होतीं. तरीहि त्याची तक्रार वायां गेली. कारण ती वेळेवर न करतां देणें थकल्यावर केली गेली, आणि घड्याळाच्या प्रश्नांत उधारीचा प्रश्न मिसळला गेला. यंत्र खरोखरच सदोष असलें तरी अशा तक्रारीवर कोणी विश्वास ठेवीत नाहीं. आणि यंत्र निर्दोष असलें तरी तेंहि कधीं सिद्ध होत नाहीं. दोन्ही पक्षांचें नुकसान होतें, आणि भार पडतो तो वीजबिल भरणाऱ्या तिसऱ्याच माणसावर. एन्रॉनच्या वेळीं तो माणूस महाराष्ट्रांतल्या प्रत्येक घरांत होता.

म्हणून फोन बिघडला असतां प्रथम त्याच दिवशीं, त्याच वेळीं, काय झालें तें लिहून ठेवावें. बॅटरी किती वेळांत उतरली, फोन कोणत्या कामांत तापला, तेव्हां चार्जर कोणता होता, हें सर्व घड्याळाप्रमाणें लिहावें. पावती जपावी. आपल्या हातून झालेली चूक असेल तर तीहि त्यांत लपवूं नये. एका लपविलेल्या गोष्टीनें दहा खऱ्या गोष्टी खोट्या ठरतात. आणि आपल्यासारखाच अनुभव शेजारीं कोणाला आला आहे का, तें विचारावें. एकट्याची तक्रार ही त्याच्या हाताळणीची गोष्ट मानली जाते. दहा जणांची एकच तक्रार ही वस्तूची गोष्ट होते.

अंजनवेलच्या सड्यावरून आज कोणी उभा राहून पाहील, तर त्याला एकीकडे गोपाळगडाची तटबंदी दिसेल आणि दुसरीकडे वीजकेंद्राचीं धुराडीं. ज्यांना आदेश मिळाल्यापासून तीन तासांत पूर्ण वेग घ्यावयाचा होता, तीं टर्बाइनें तेथलींच. त्या दिवशीं तीं खरोखर किती मिनिटांत चढलीं, हें एखाद्या निःपक्षपाती माणसानें घड्याळ लावून पाहिलें असतें आणि दोन्ही पक्षांनीं त्याखालीं सही केली असती, तर कदाचित् एका ओळींत सारा वाद मिटला असता. तेवढी एक ओळ लिहिली गेली नाहीं. आपल्या घरच्या लहानशा वस्तूंविषयीं ती लिहून ठेवण्यास आपल्याला कोणाची आडकाठी आहे?